क्लाउड हिशेब प्रणालीची वर्गणी बंद करताना

लहान व्यावसायिकांसाठी संदर्भ माहिती

वाराणसीतील पंचगंगा घाट, ब्रह्माघाट, दुर्गाघाट आणि दूधविनायक हा परिसर मराठी कुटुंबांच्या जुन्या वस्तीसाठी ओळखला जातो. अरुंद गल्ल्यांच्या या भागात यात्रेकरूंना खोल्या देणारी घरे, पूजासाहित्याची दुकाने, शिकवण्या आणि साडीचा किरकोळ व्यापार असे छोटे व्यवसाय चालतात. काशी विश्वनाथ धामाचे उद्घाटन १३ डिसेंबर २०२१ रोजी झाले. वस्तू आणि सेवा कर तर १ जुलै २०१७ पासूनच लागू आहे. मोबाईलवरून पैसे देण्याची पद्धत सर्वत्र रुळल्यावर अशा व्यवसायांचा हिशेबही वहीतून संगणकावर आणि संगणकावरून इंटरनेटवरील क्लाउड प्रणालीत गेला.

या प्रणाली विकत मिळत नाहीत. त्या मासिक किंवा वार्षिक वर्गणीवर वापरायला मिळतात. वर्गणी सुरू करण्यास काही मिनिटे लागतात. ती बंद करताना मात्र दोन प्रकारचे नुकसान संभवते. पहिले, बंद केली असे समजूनही बँक खात्यातून पैसे वळते होत राहतात. दुसरे, आणि अधिक गंभीर, म्हणजे वर्गणीबरोबर अनेक वर्षांचे हिशेबही हातातून जातात. कायद्याने जे हिशेब जपून ठेवणे बंधनकारक आहे, ते मागितल्यावर दाखवता आले नाहीत तर जबाबदारी सॉफ्टवेअर कंपनीची नसून व्यावसायिकाची असते. त्यामुळे वर्गणी बंद करण्याचा व्यवहार कोणत्या क्रमाने करावा, हे माहीत असणे आवश्यक ठरते.

वहीपासून क्लाउडपर्यंत

मराठी व्यापारात हिशेबाचा क्रम पूर्वापार ठरलेला आहे. दिवसाचा व्यवहार कीर्दीत लिहायचा, कीर्दीवरून खतावणी करायची, खतावणीवरून तेरीज काढायची आणि वर्षअखेर ताळेबंद मांडायचा. हा जमाखर्च दीर्घकाळ मोडी लिपीत लिहिला जात असे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या किंवा पाडव्याच्या दिवशी नव्या वहीची पूजा करण्याची प्रथा आजही पाळली जाते. जुनी वही मात्र फेकली जात नाही. ती कापडात बांधून माळ्यावर ठेवली जाते. वसुलीचा किंवा वाटणीचा वाद निर्माण झाला की तीच वही बाहेर काढली जाते.

संगणकाच्या काळात हिशेबाचे सॉफ्टवेअर दुकानातील संगणकावर बसवले जाई. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या बंगळूर येथील टॅली कंपनीचे सॉफ्टवेअर देशभर याच पद्धतीने पसरले. अशा सॉफ्टवेअरचा कायम परवाना घेतलेला असल्यास वार्षिक सेवेचे नूतनीकरण केले नाही तरी जुना हिशेब उघडता येतो; केवळ सुधारित आवृत्त्या आणि ऑनलाईन सुविधा मिळत नाहीत. क्लाउड प्रणालीचे स्वरूप वेगळे आहे. चेन्नईच्या झोहो कंपनीची २०११ मध्ये सुरू झालेली झोहो बुक्स ही सेवा या प्रकारची आहे. येथे हिशेब कंपनीच्या सर्व्हरवर असतो आणि वर्गणीदार तो इंटरनेटवरून वापरतो. म्हणजेच वही व्यापाऱ्याची असली तरी तिचे कपाट दुसऱ्याच्या घरात असते. वर्गणी संपली की त्या कपाटाची किल्ली कोणत्या अटीवर आणि किती दिवस मिळेल, हे करारात लिहिलेले असते.

‘बंद करणे’ या शब्दाचे तीन अर्थ

वर्गणी बंद करताना होणारा गोंधळ बहुतेक वेळा तीन निरनिराळ्या कृतींची गल्लत केल्याने होतो.

पहिली कृती म्हणजे आपोआप होणारे नूतनीकरण थांबवणे. यात भरलेल्या मुदतीपर्यंत सेवा चालू राहते आणि मुदत संपल्यावर पुढील रक्कम आकारली जात नाही. बहुतेक लहान व्यावसायिकांना प्रत्यक्षात हीच कृती हवी असते.

दुसरी कृती म्हणजे वर्गणी तत्काळ रद्द करणे. काही सेवांमध्ये अशा वेळी खाते मोफत योजनेत जाते, काहींमध्ये हिशेब केवळ पाहण्यापुरता उरतो, तर काहींमध्ये प्रवेशच बंद होतो. उरलेल्या मुदतीचे पैसे परत मिळतील किंवा नाही, हे त्या सेवेच्या अटींवर अवलंबून असते.

तिसरी कृती म्हणजे खाते किंवा त्यातील व्यवसायाची संपूर्ण नोंद कायमची पुसून टाकणे. ही कृती शेवटी आणि पूर्ण खात्री झाल्यावरच करावयाची असते. ठराविक मुदतीनंतर पुसलेली माहिती परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही.

याखेरीज मोबाईलमधील ॲप काढून टाकणे म्हणजे वर्गणी रद्द करणे नव्हे. वर्गणी गुगल प्ले किंवा ॲपलच्या ॲप स्टोअरमधून घेतली असेल, तर ती त्या स्टोअरमधील वर्गणीच्या यादीत जाऊनच रद्द करावी लागते. कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतलेली वर्गणी संकेतस्थळावर, तर स्थानिक विक्रेत्यामार्फत घेतलेली वर्गणी त्या विक्रेत्याला लेखी कळवून बंद करावी लागते.

हिशेब किती काळ जपावा लागतो

केंद्रीय वस्तू आणि सेवा कर कायदा, २०१७ च्या कलम ३६ नुसार नोंदणीकृत व्यक्तीने हिशेबाची पुस्तके आणि कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र सादर करण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवणे आवश्यक आहे. उदाहरणार्थ, २०२३-२४ या आर्थिक वर्षाचे वार्षिक विवरणपत्र सादर करण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती. त्या वर्षाचा हिशेब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत उपलब्ध असला पाहिजे. एखादे अपील, कार्यवाही किंवा तपास चालू असल्यास, त्याचा अंतिम निकाल लागल्यापासून एक वर्ष आणि वर सांगितलेली मुदत, यांपैकी जी नंतर संपेल ती लागू होते.

या कायद्याखालील नियम ५७ संगणकीय हिशेबासाठी महत्त्वाचा आहे. नोंदी अपघाताने नष्ट झाल्यास वाजवी वेळात पुन्हा उभ्या करता येतील, अशी त्यांची पर्यायी प्रत ठेवणे त्याने बंधनकारक केले आहे. अधिकाऱ्याने मागणी केल्यास नोंदी छापील किंवा संगणकावर वाचता येईल अशा स्वरूपात साक्षांकित करून द्याव्या लागतात. फाईलींचा तपशील, त्यांचे पासवर्ड आणि वापरलेल्या सांकेतिक खुणांचा अर्थही द्यावा लागतो. सॉफ्टवेअरची वर्गणी संपली आहे, हे उत्तर या नियमात बसत नाही. हिशेब न ठेवल्यास किंवा न जपल्यास कलम १२२ खाली किमान दहा हजार रुपयांच्या दंडाची तरतूद आहे.

व्यवसाय कंपनी म्हणून नोंदलेला असल्यास नियम अधिक कडक आहेत. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ नुसार मागील आठ आर्थिक वर्षांची पुस्तके जपावी लागतात. संगणकीय पुस्तकांची पर्यायी प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज घेतली जावी, अशी सुधारणा ऑगस्ट २०२२ मध्ये करण्यात आली. १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या वर्षांसाठी कंपन्यांनी असेच सॉफ्टवेअर वापरायचे आहे, ज्यात प्रत्येक नोंदीतील बदल तारखेसह टिपला जातो आणि ही टिपणी बंद करता येत नाही. जुनी प्रणाली सोडताना बदलांची ही नोंदही सोबत आणावी लागते, कारण ती जपली आहे किंवा नाही याविषयी लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात नमूद करावे लागते. एकल मालकीच्या दुकानाला कंपनी कायद्याची ही अट लागू नाही.

करांव्यतिरिक्त वसुलीचाही प्रश्न असतो. मुदत कायदा, १९६३ नुसार विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा लावण्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची आहे. न्यायालयात हिशेबाच्या नोंदी पुरावा म्हणून ग्राह्य धरल्या जातात. मात्र केवळ त्या नोंदींवरून कोणावर देणे लादता येत नाही. त्यासाठी बीजक, पावती, माल पोचल्याची सही असे आधार लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात संगणकीय नोंदींसोबत विहित प्रमाणपत्र जोडण्याची तरतूद आहे. तेव्हा केवळ आकड्यांचा गोषवारा जपून भागत नाही. मूळ कागदही जपावे लागतात.

प्रथम काय उतरवून घ्यावे

वर्गणी चालू असतानाच माहिती उतरवून घेणे हा सर्वांत सोपा आणि खात्रीचा मार्ग आहे. दूधविनायक येथे यात्रेकरूंना खोल्या देणाऱ्या एखाद्या घरगुती निवासाचे उदाहरण घेतल्यास त्याच्या हिशेबात प्रत्येक यात्रेकरूचे बीजक, मिळालेली आगाऊ रक्कम, धोब्याचा आणि वीजबिलाचा खर्च, दुरुस्तीच्या पावत्या आणि बँकेचा ताळमेळ असतो. यांपैकी प्रत्येक गोष्ट वेगळ्या ठिकाणी साठवलेली असू शकते.

उतरवून घ्यावयाच्या माहितीत पुढील बाबींचा समावेश असावा : वर्षवार कीर्द आणि सर्व खात्यांची खतावणी, प्रत्येक वर्षाची तेरीज, नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद, विक्रीची व खरेदीची सर्व बीजके, जमापत्रे आणि नावेपत्रे, ग्राहक आणि पुरवठादार यांची यादी व त्यांच्याकडील येणे-देणे, मालसाठ्याची यादी, रोकड व बँक वह्या, करविषयक अहवाल, आणि नोंदींमधील बदलांचा इतिहास. बिलांची छायाचित्रे अनेक प्रणालींमध्ये आकड्यांबरोबर उतरत नाहीत. ती स्वतंत्रपणे मागवावी किंवा उतरवावी लागतात.

हीच माहिती दोन स्वरूपांत घेणे इष्ट आहे. एक म्हणजे पीडीएफ, जी वाचायला व छापायला सोयीची असून सहजी बदलत नाही. दुसरे म्हणजे एक्सेल किंवा सीएसव्ही प्रकारचे तक्ते, जे नव्या प्रणालीत भरता येतात. केवळ त्या कंपनीच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी प्रत घेतल्यास तिचा पुढे उपयोग होत नाही.

उतरवलेली प्रत तपासल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये. तपासणीची रीत सोपी आहे. उतरवलेल्या तेरजेतील नावे आणि जमा बाजूंची बेरीज प्रणालीतील बेरजेशी जुळते का, बीजकांची संख्या पहिल्यापासून शेवटच्या क्रमांकापर्यंत पूर्ण आहे का आणि प्रत्येक वर्षातील दोनचार बिले उघडतात का, हे पाहावे. देवनागरीत लिहिलेली नावे सीएसव्ही फाईलीत कधी कधी निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसतात. अशी फाईल युनिकोड पद्धतीने पुन्हा उतरवावी. तपासलेल्या माहितीची एक प्रत व्यवसायाच्या संगणकावर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी सनदी लेखापालाकडे किंवा अन्य सुरक्षित ठिकाणी ठेवावी. पाण्याच्या किंवा आगीच्या एकाच घटनेत सर्व प्रती नष्ट होऊ नयेत, हा त्यामागील हेतू आहे.

योग्य वेळ कोणती

आर्थिक वर्ष ३१ मार्च रोजी संपत असल्याने १ एप्रिलपासून नवी प्रणाली सुरू करणे हिशेबाच्या दृष्टीने सर्वांत सरळ असते. तथापि जुनी वर्गणी त्याच दिवशी बंद करणे घाईचे ठरते. मार्च महिन्याचे विवरणपत्र, वर्षअखेरच्या दुरुस्त नोंदी, लेखापरीक्षण आणि डिसेंबरअखेरचे वार्षिक विवरणपत्र यांसाठी जुन्या हिशेबात वारंवार पाहावे लागते. शक्य असल्यास जुनी प्रणाली एक तिमाही समांतर चालू ठेवावी. वार्षिक नूतनीकरणाची तारीख मध्येच येत असल्यास, सेवेत मासिक वर्गणीची किंवा केवळ पाहण्यापुरत्या प्रवेशाची सोय आहे का, हे विचारून घ्यावे.

जुन्या प्रणालीतील शेवटच्या दिवसाच्या शिलका हाच नव्या प्रणालीचा आरंभ असतो. दोन्हींची तेरीज पैशापर्यंत जुळली पाहिजे. वर्षाच्या मध्ये बदल करायचा झाल्यास बीजकांच्या क्रमांकांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. कर नियम ४६ नुसार बीजकाचा अनुक्रमांक सोळा अक्षरांपेक्षा मोठा नसावा आणि त्या आर्थिक वर्षात तो एकमेव असावा. नव्या सॉफ्टवेअरने पुन्हा एकपासून क्रमांक दिल्यास एकाच वर्षात एकाच क्रमांकाची दोन बीजके तयार होतात. हे टाळण्यासाठी जुनाच क्रम पुढे चालवावा किंवा वेगळे अक्षर जोडून नवी मालिका सुरू करावी. नियमाने एकाहून अधिक मालिकांना परवानगी आहे.

विवरणपत्रे भरण्यासाठी मात्र खासगी सॉफ्टवेअरची वर्गणी अपरिहार्य नाही. वस्तू आणि सेवा कराच्या सरकारी संकेतस्थळावर ती थेट भरता येतात. परंतु त्या संकेतस्थळावर विवरणपत्रे असतात, मूळ हिशेब नव्हे. त्यामुळे ते संकेतस्थळ हिशेबवहीची जागा घेऊ शकत नाही.

जोडण्या सोडवणे

हिशेबाच्या क्लाउड प्रणालीला अनेक बाह्य सेवा जोडलेल्या असतात. बँक खात्याचे व्यवहार आपोआप आणणारी जोडणी, बीजकावरील पैसे भरण्याचा दुवा, ग्राहकांना जाणारे थकबाकीचे स्मरणपत्र, ई-वे बिलासाठी तयार केलेले वापरकर्ता नाव आणि करविषयक संकेतस्थळावर सॉफ्टवेअरला दिलेली परवानगी, या सर्वांचा आढावा घ्यावा लागतो. जुन्या बीजकावरील दुवा चालू राहिल्यास ग्राहक त्यावर पैसे भरतो आणि ती रक्कम नव्या हिशेबात दिसत नाही. स्मरणपत्रे चालू राहिल्यास पैसे दिलेल्या ग्राहकालाही थकबाकीचा निरोप जातो.

म्हणून प्रथम या जोडण्या एकेक करून सोडवाव्यात, कर्मचाऱ्यांचे व पूर्वीच्या हिशेबनिसाचे प्रवेश रद्द करावेत आणि बँकेचे व ईमेलचे पासवर्ड बदलावेत. खाते ज्या ईमेल पत्त्यावर व मोबाईल क्रमांकावर उघडले आहे, ते चालू असल्याची खात्रीही आधीच करावी. नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या क्रमांकावर सांकेतिक शब्द जात असल्यास मालकालाच वर्गणी रद्द करता येत नाही.

आपोआप होणारी वसुली

कार्ड किंवा यूपीआयवरून होणाऱ्या आवर्ती वसुलीसाठी भारतीय रिझर्व्ह बँकेची ई-मॅण्डेट चौकट १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे अंमलात आली. त्यानुसार पैसे वळते होण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळणे आवश्यक आहे. त्या सूचनेवरून तो विशिष्ट वसुली किंवा संपूर्ण संमती नाकारू शकतो. दिलेली संमती कोणत्याही वेळी मागे घेण्याची सोय बँकेने द्यावयाची आहे. अतिरिक्त पडताळणीशिवाय वळती करता येणारी रक्कम जून २०२२ मध्ये ५,००० रुपयांवरून १५,००० रुपये करण्यात आली. यूपीआयवरील ऑटोपे ही सोय जुलै २०२० मध्ये सुरू झाली असून तिची संमती संबंधित ॲपमधील ऑटोपेच्या यादीत जाऊन रद्द करता येते.

येथे दोन गोष्टी वेगळ्या समजून घेतल्या पाहिजेत. बँकेतील संमती रद्द केल्याने वसुली थांबते, पण कंपनीशी असलेला करार आपोआप संपत नाही. करारात पूर्ण वर्षाची बांधिलकी असल्यास कंपनी थकबाकी दाखवू शकते. उलट केवळ कंपनीकडे वर्गणी रद्द करून बँकेतील संमती तशीच ठेवल्यास चुकीने वसुली होण्याची शक्यता उरते. यास्तव आधी कंपनीकडे रद्द करून त्याची लेखी पोच घ्यावी, नंतर बँकेतील संमती काढावी आणि पुढील दोन महिन्यांची बँक विवरणे तपासावीत. रद्द केल्याच्या पडद्याचे छायाचित्र, ईमेल आणि तारीख जपून ठेवावी.

परतावा आणि कर

सॉफ्टवेअरच्या वर्गणीवर १८ टक्के वस्तू आणि सेवा कर आकारला जातो. नोंदणीकृत व्यावसायिकाने या कराची वजावट घेतली असेल आणि उरलेल्या मुदतीची रक्कम परत मिळाली असेल, तर कंपनीकडून जमापत्र घ्यावे आणि तेवढ्या प्रमाणात घेतलेली वजावट कमी करावी. परताव्याची रक्कम उत्पन्न म्हणून न दाखवता त्या खर्चातून कमी करणे हिशेबाच्या दृष्टीने योग्य असते.

प्रत्येक व्यवसायाला ही वजावट मिळतेच असे नाही. दररोज प्रतिखोली ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या निवासव्यवस्थेवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के कर असून त्यासोबत खरेदीवरील कराची वजावट घेता येत नाही. यात्रेकरूंच्या निवासाचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी वर्गणीवरील कर हा सरळ खर्चच ठरतो. महाग योजना चालू ठेवावी की नाही, हे ठरवताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

अडवणूक झाल्यास

वर्गणी घेण्याचे बटण ठळक आणि रद्द करण्याचे बटण सापडणार नाही असे, या प्रकाराला आता कायद्याने नाव दिले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत तेरा प्रकार सांगितले असून त्यांपैकी दोन या विषयाशी थेट संबंधित आहेत. पहिला वर्गणीच्या सापळ्याचा. वर्गणी रद्द करणे अशक्य किंवा किचकट करणे, रद्द करण्याचा पर्याय लपवणे, मोफत सेवेसाठी आपोआप वसुलीची संमती घेणे आणि रद्द करण्याच्या सूचना संदिग्ध ठेवणे हे त्यात येते. दुसरा प्रकार सॉफ्टवेअर सेवेच्या आकारणीचा. मोफत चाचणीचे सशुल्क वर्गणीत रूपांतर न कळवता करणे, न कळवता नूतनीकरणाचे पैसे घेणे आणि न वापरलेल्या सुविधांचे पैसे आकारणे याचा त्यात समावेश आहे. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-व्यापार मंचांना आपल्या संकेतस्थळांची तीन महिन्यांत स्वतःहून तपासणी करण्याची सूचना दिली.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय बंगळूर किंवा चेन्नई येथे असले, तरी वाराणसीतील व्यक्तीला वाराणसीतच दाद मागता येते. मात्र व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेला या कायद्याचे संरक्षण सर्वसाधारणपणे मिळत नाही. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत या मर्यादेचा वेगळा विचार होतो आणि तो प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीवर ठरतो. त्यामुळे एकट्याने दुकान चालवणारा आणि अनेक शाखा असलेला व्यापारी यांची स्थिती सारखी नसते.

पैसे बँकेतून चुकीने वळते झाल्यास प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

ग्राहकांची खासगी माहिती

यात्रेकरूंच्या निवासाच्या हिशेबात त्यांची नावे, दूरध्वनी क्रमांक आणि कधी ओळखपत्रांच्या प्रतीही जोडलेल्या असतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यातील प्रमुख जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होणाऱ्या आहेत. हेतू पूर्ण झाल्यावर वैयक्तिक माहिती पुसणे आणि आपल्या वतीने ती हाताळणाऱ्या सेवेकडूनही ती पुसून घेणे, ही या कायद्यातील तरतूद आहे. कायद्याने जी नोंद जपणे आवश्यक आहे तिला यातून वगळले आहे. वर्गणी सोडताना हिशेबाच्या नोंदी स्वतःकडे घ्याव्यात आणि त्यानंतर कंपनीच्या सर्व्हरवरील प्रत पुसल्याची लेखी पुष्टी मागावी.

अन्य देशांतील स्थिती

जर्मनीत १ जुलै २०२२ पासून ऑनलाईन करार करणाऱ्या संकेतस्थळांवर करार रद्द करण्याचे स्पष्ट बटण ठेवणे बंधनकारक आहे. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्गणी रद्द करणे ती घेण्याइतकेच सोपे असावे असा नियम केला. परंतु तेथील अपील न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये, तो लागू होण्यापूर्वी, प्रक्रियेतील त्रुटीच्या कारणावरून रद्द ठरवला. युरोपीय संघाचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. एका क्लाउड सेवेतून दुसरीकडे जाण्यासाठी ग्राहकाला द्यावी लागणारी पूर्वसूचना दोन महिन्यांपेक्षा अधिक असू नये, तसेच स्थलांतराचा कालावधी संपल्यावरही किमान तीस दिवस माहिती उतरवून घेता यावी, अशी तरतूद त्यात आहे. स्थलांतरासाठी शुल्क घेण्यास १२ जानेवारी २०२७ पासून मनाई केलेली आहे.

कंपनीनेच सेवा बंद केल्यास

वर्गणी नेहमी ग्राहकच बंद करतो असे नाही. अमेरिकेच्या इंट्यूट कंपनीने आपली क्विकबुक्स ही हिशेबाची क्लाउड सेवा २०२३ मध्ये भारतात बंद केली. ती वापरणाऱ्या भारतीय व्यावसायिकांना आपला हिशेब उतरवून अन्य प्रणालीत न्यावा लागला. सेवा कितीही नामांकित असली, तरी तिच्या आयुष्याची मुदत वर्गणीदाराच्या हाती नसते आणि करकायद्याने सांगितलेली मुदत त्यासाठी थांबत नाही, हे या घटनेने दाखवून दिले. वर्गणी चालू असतानाही दर तिमाहीस हिशेबाची एक प्रत उतरवून ठेवणाऱ्याला असा प्रसंग जड जात नाही.

सारांश, क्रम असा राहतो : हिशेब उतरवणे, तो तपासणे, नव्या ठिकाणी शिलका जुळवणे, जोडण्या सोडवणे, कंपनीकडे वर्गणी रद्द करून पोच घेणे, बँकेतील संमती मागे घेणे आणि सर्वांत शेवटी खाते पुसणे. जुन्या पेढ्यांवर वही बदलली तरी आधीची वही माळ्यावर सुरक्षित असे. क्लाउडच्या काळात तो माळा व्यावसायिकाला स्वतःच तयार करावा लागतो आणि तो तयार झाल्यानंतरच वर्गणी बंद करणे हिताचे असते.